दसऱ्याला सुरू होणारा गुलाब : गोव्याच्या परसात सुवासिक झुडपी गुलाब कसा जगवायचा

लग्न होऊन मी पुण्याहून डिचोलीला आले आणि पहिल्याच मे महिन्यात आठ गुलाब विकत घेतले. माहेरी वडिलांनी गच्चीवर चाळीस कुंड्या जोपासल्या होत्या, तेव्हा गुलाबातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, आठातले सहा गेले. आधी पानांवर काळे ठिपके, मग पानं पिवळी होऊन गळती, मग काड्या शेंड्याकडून खाली काळ्या पडत जायच्या. उरलेल्या दोनांपैकी एकाला पुढच्या वर्षी असा काही जोमदार फुटवा आला, की मी ज्याला त्याला नेऊन दाखवत होते. तो निघाला खाली कलमाला वापरलेल्या रानगुलाबाचा. आणि या सगळ्या काळात तुळशीवृंदावनाच्या बाजूला सासूबाईंचा गावठी गुलाब मासळी धुतलेल्या पाण्यावर निवांत फुलत होता.

तुमचे सहा गुलाब वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. गोव्यात नवीन असाल किंवा इथलेच असून गुलाबाच्या वाटेला पहिल्यांदा जात असाल, तर सरळ क्रमाने वाचा. घाईत असाल तर निदान चौथी आणि आठवी पायरी वाचा. माझे सगळे गुलाब त्या दोन चुकांनी मेले.

१. आधी डोक्यातलं कॅलेंडर बदला

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात ३००० च्या आसपास, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. बागकामाची मराठी पुस्तकं घाटावरच्या हवेसाठी लिहिलेली असतात. त्यांतलं 'पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड करावी' हे वाक्य गोव्यात गुलाबाला लागू करू नका.

आपल्याकडे गुलाबाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागवड आणि छाटणी, डिसेंबर ते मार्च फुलं, एप्रिल-मे जेमतेम, आणि मृगापासून चवथ होईपर्यंत फक्त जीव धरून राहणं. पावसाळ्यात फुलाची अपेक्षाच ठेवायची नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की निम्मी औषधं आणि निम्मी हळहळ वाचते.

२. कुठला गुलाब घ्यायचा

दुकानात शोभणारा, लांब दांड्याचा, एका काडीला एक टपोरं फूल देणारा गुलाब म्हणजे हायब्रिड टी. मी सांगते आहे तो झुडपी गुलाब. याची फुलं लहान, सैल पाकळ्यांची, झुबक्याने येणारी. फुलदाणीत दोन दिवसांत मान टाकतात, पण सकाळी दार उघडलं की वास आत येतो.

पहिली पसंती गावठी गुलाबी गुलाबाला. जुन्या घरांच्या अंगणात, चर्चच्या आवारात, देवळामागे हा दिसतो. याला प्रत्येक घरात वेगळं नाव असतं किंवा नावच नसतं. याच्या अगदी जवळचा, नर्सरीत मिळणारा म्हणजे एडवर्ड. हा बूरबाँ कुळातला. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाचं जुनं नाव बूरबाँ. तिथे शेताच्या कुंपणात चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारीशेजारी लावलेले असायचे, त्यांच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कूळ जन्मलं. चिनी बाजूने पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आला आणि दमास्क बाजूने वास. बेटावरच्या दमट हवेत वाढलेलं झाड आहे, म्हणून आपल्याकडे बुजत नाही.

दुसरा, ग्रुस आन टेप्लिट्झ. नाव जर्मन, १८९७ सालचा, रंग गडद किरमिजी आणि वासात थोडा मसाल्याचा झणका. उत्तर भारतात याची कुंपणं करतात. माझ्याकडे याचं एक झाड सहा पावसाळे टिकून आहे, तेही माझ्या लक्ष घालण्यामुळे टिकलंय असं म्हणवत नाही.

वेगळं काही हवं असेल तर डॉ. बी. पी. पाल यांचा 'रोझ शरबत' शोधा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक म्हणून गव्हाच्या कामासाठी ते ओळखले जातात, पण त्यांनी गुलाबाच्या जातीही तयार केल्या. कोडाईकॅनलचे वीरराघवन यांनी तर उष्ण हवेसाठी रोझा क्लिनोफायला या आपल्याच देशी रानगुलाबापासून संकर केले. हा रानगुलाब पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या ओढ्याकाठच्या जागी वाढतो, म्हणजे आपल्याला हवा तोच गुण. या जाती सहज मिळत नाहीत, पण मिळाल्या तर सोडू नका.

आता काय घेऊ नका ते. खरा दमास्क, म्हणजे पुष्करचा किंवा उत्तर प्रदेशातल्या हसायनचा अत्तराचा गुलाब, गोव्यात झाड म्हणून वाढेल, पण त्याला कडक थंडी लागते. डिचोलीतल्या जानेवारीला तो थंडी मानत नाही. माझ्याकडे तीन वर्षांत त्याला चार फुलं आली. इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांच्या जाती फोटोत जीव घेतात. इथे फूल लहान होतं आणि उन्हात दुपारपर्यंत विस्कटतं. पापा मेयां आणि डबल डिलाइट यांचा वास अप्रतिम, पण रोगाला हे दोघे फार लवकर बळी पडतात. पहिल्या दोन वर्षांत यांच्या नादी लागू नका. आणि निळ्या, काळ्या, सप्तरंगी गुलाबाचं 'बी' ऑनलाइन विकणाऱ्यांना तुमचे पैसे हवे असतात, एवढंच. निळा गुलाब निसर्गात नाही आणि बागेतला गुलाब बियांपासून आईसारखा येत नाही.

३. रोप विकत घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपवाले बसतात, नर्सरीही आता गावोगाव आहेत. कुठूनही घ्या, पण मे ते सप्टेंबर घेऊ नका, आणि फुलांनी लगडलेलं रोप पाहून भाळू नका. बहुतेक रोपं बाहेरच्या राज्यांतून येतात. फुलाच्या भरात प्रवास केलेलं झाड घरी आल्यावर बसकण मारतं.

रोप उचलून खालून बघा: पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असली तर चांगलं, काळी आणि कुबट वासाची असली तर परत ठेवा. मग बुंध्याशी डोळा भरल्याची, म्हणजे कलम केल्याची, गाठ कुठे आहे ते पाहा. गाठीच्या वरून निघालेली काडी आपली, गाठीखालून निघालेली खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या खालच्या झाडाची. खुंट बहुधा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा असतो. लोक सांगतात, एका पानात पाच पर्णिका (छोटी पानं) म्हणजे कलम आणि सात म्हणजे रानटी. हे मोजमाप धरून मी एकदा चांगल्या गुलाबाची काडी कापून टाकली आहे. पर्णिका मोजू नका, बोटाने माती उकरून फुटवा कुठून निघाला ते बघा. खुंटाचा असेल तर कात्रीने न कापता मुळाशी धरून उपटा. कापला की जागच्या जागी दोन येतात.

गावठी गुलाबाची काडीच लावता आली, तर ही कटकट मुळातच नाही. झाड स्वतःच्या मुळावर असतं, जमिनीतून काहीही फुटलं तरी ते आपलंच.

४. खड्डा खणू नका, गादी उचला

पुस्तकात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा सांगितलेला असतो. मीही पहारीने जांभ्यात खड्डे मारून घेतले, मजूर दिवसभर घामाघूम झाला. त्यात छान भुसभुशीत माती भरली आणि गुलाब लावले. जुलैत एका झाडाशेजारी सहज काठी खुपसली तर चुबुक असा आवाज आला. कडक जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे दगडी टाकी. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि तिथेच राहतं. मुळं गुदमरून कुजतात, आणि वरून आपल्याला वाटतं पानांवर रोग पडलाय.

जमीन तपासायची असेल तर एक फुटाचा खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन तासांत गेलं नाही, तर त्या जागी खाली जायचं नाही, वर यायचं. चिऱ्यांचे दोन थर रचून सव्वा-दीड फूट उंचीचा वाफा करा, चिऱ्यांच्या फटी सिमेंटने बुजवू नका. खालची जमीन फक्त टिकावाने खरवडून घ्या. किनाऱ्याकडच्या वाळूच्या जमिनीत निचऱ्याची काळजी नसते, तिथे शेणखत दुप्पट घाला. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या, कडेला किंवा विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं अशा ठिकाणी जमिनीत लावूच नका, कुंडीच बरी.

५. जागा आणि लागवड

सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि एप्रिल-मेच्या दुपारी थोडी सावली, म्हणजे घराची पूर्व बाजू. भिंतीपासून हात-दीड हात सोडा, हवा खेळली पाहिजे. पागोळीखाली कधीच नको. कौलांवरून पडणारी धार माती उडवते, आणि ती माती पानांच्या खालच्या बाजूला बुरशी नेऊन बसवते. माडापासूनही सहा फूट लांब राहा. माडाची मुळं खत खातात हे एक, आणि वरून पडणारं चुडत गुलाबाचे दोन तुकडे करतं हे दुसरं. यातलं दुसरं मी पाहिलं आहे.

लागवडीला लागणारं साहित्य:

- तांबडी माती दोन घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं, नदीची जाडसर रेती एक घमेलं
- दर झाडामागे निंबोळी पेंड २०० ग्रॅम आणि हाडांचं खत १०० ग्रॅम
- धारदार छाटणीची कात्री, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, बांबूची काठी, सुतळी
- मोरचूद, कळीचा चुना, प्लास्टिकची बादली, हातपंप
- वाळलेला पालापाचोळा किंवा नारळाची सोडणं

जांभ्याची माती आंबट असते. गुलाबाला सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या दरम्यान मानवतो. आमच्या मातीत चुना घालावा लागला, तुमच्याकडे लागेलच असं नाही, म्हणून आधी तपासून घ्या. पाच-सहा ठिकाणची, वीतभर खोलीवरची माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो नमुना घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. जुन्या गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथल्या कृषी विज्ञान केंद्रातही मार्गदर्शन मिळतं. शेजारी सांगतो म्हणून मूठमूठ चुना टाकत सुटू नका.

दोन झाडांत चार फूट अंतर. 'एवढी जागा वाया कशाला' असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. पावसाळ्यात पानं ज्या वेगाने सुकतात त्यावर झाडाचं आयुष्य ठरतं, आणि ते अंतरावर अवलंबून असतं. कलमाची गाठ मातीच्या वर दोन इंच राहू द्या. लावून झाल्यावर भरपूर पाणी, आणि पहिले आठ दिवस चुडताची सावली.

६. दसऱ्यानंतरची छाटणी

पाऊस खरोखर थांबला, चार-पाच दिवस कोरडे गेले की कात्री बाहेर काढा. बहुधा ऑक्टोबरचा तिसरा आठवडा येतो. हायब्रिड टीची छाटणी गुडघ्याखाली करतात, तशी झुडपी गुलाबाची करू नका. मेलेली, काळी पडलेली, एकमेकींवर घासणारी काडी मुळापासून काढायची आणि उरलेल्या झाडाची फक्त वरची एक तृतीयांश उंची कमी करायची. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप. आतला गर पांढरा-हिरवट दिसेपर्यंत खाली या. तपकिरी दिसला तर मर अजून आत आहे.

कापलेल्या तोंडांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. पहिल्या वर्षी मी ती उद्या लावू म्हणून ठेवली आणि रात्री परतीचा पाऊस आला. पुढचं सांगत नाही.

छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फुलं येतात. नाताळात घर फुलांनी भरायचं असेल तर १० नोव्हेंबरच्या सुमारास कात्री लावा. माझी चार झाडं आहेत, ती मी दहा-दहा दिवसांच्या अंतराने छाटते, म्हणजे सगळा बहर एकदम येऊन एकदम जात नाही.

७. खत आणि पाणी

यात फार काही नाही. छाटणीनंतर लालसर कोंब बोटभर झाले की दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, मग फेब्रुवारीपर्यंत महिन्याला एकदा तेवढंच. थंडीत दिवसाआड, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी पाणी, बुंध्याशी. पानांवर फवारू नका. सोडणं पालथी घालून आळं झाकलंत तर पाणी निम्मं लागतं. फूल गळलं की खालच्या पहिल्या चांगल्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत दांडा कापा.

मासळीच्या पाण्याबद्दल सगळे विचारतात. ताजी मासळी धुतलेलं पाणी चालतं, खारवलेल्या मासळीचं नाही. फक्त शेजारपाजारची मांजरं रात्री आळं उकरतात, त्याची तयारी ठेवा. साखर घातलेल्या चहाचा चोथा मात्र नको, मुंग्या येतात आणि मुंग्यांमागून मावा.

८. पावसाळा

मेच्या शेवटच्या आठवड्यात, लोक पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीत असतात तेव्हा, गुलाबाचीही बेगमी करायची. मधल्या दाटीतल्या दोन-तीन काड्या काढून झाड वाटीसारखं मोकळं करा. बुंध्याजवळची सोडणं आणि पाचोळा उचला, नाहीतर खाली गोगलगायी घर करतात. काठीचा आधार द्या. खत बंद, थेट सप्टेंबरअखेरपर्यंत. जूनमधला टवटवीत कोवळा फुटवा बघून आणखी खत द्यावंसं वाटतं; तोच फुटवा काळ्या ठिपक्याचं पहिलं जेवण असतो.

आता बोर्डो मिश्रण. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी कुळागरात हेच फवारतात, त्यामुळे ओळखीत कुणाची पोफळी असेल तर हातखंडा माणूस मिळेल. घरी दहा लिटरसाठी: १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओता आणि ढवळत राहा. लोखंडी भांडं वापरू नका. मिश्रणात घासलेला खिळा किंवा सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. कोवळ्या पानांसाठी दोन्ही निम्मे, ५०-५० ग्रॅमच घ्या. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. पाऊस सुरू होण्याआधी एक फवारणी, नंतर तीन-चार आठवड्यांनी उघडीप बघून. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडकं हवंच.

गळलेलं पान दर दोन-तीन दिवसांनी उचलून बाहेर टाका, कंपोस्टच्या खड्ड्यात नाही. कळ्या दिसल्या की खुडा. त्या उमलत नाहीत, भिजून तपकिरी गोळे होतात आणि बुरशी दांड्यात उतरते. कळी खुडताना जीवावर येतं, माझ्या मुलीने एकदा भांडून तीन कळ्या ठेवून घेतल्या आणि आठवड्याने स्वतःच नाक मुरडत काढल्या.

कुंड्या असतील तर बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) किंवा पत्र्याच्या कडेला घ्या, जिथे उजेड आहे पण थेट मारा नाही. खालच्या ताटल्या काढून दोन विटांवर ठेवा. सगळं करूनही ऑगस्टात झाड निम्मं उघडं पडतं. घाबरून खत देऊ नका, उपटूही नका. काडी नखाने खरवडून पाहा. हिरवी असेल तर ते जिवंत आहे.

९. किडी

पहिल्या पावसानंतर रात्री भुंगेरे पानं कुरतडतात. विजेरी घेऊन वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. मार्चमध्ये फुलकिड्यांमुळे पाकळ्यांच्या कडा करपतात. माव्याला आणि त्यांना कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून संध्याकाळी. लाल कोळी एप्रिलात पानाखाली जाळं करतो, त्याला पाण्याचा जोरकस फवारा पुरतो. पानं वरून ओली करू नका या नियमाला तेवढा एक अपवाद, तोही सकाळी.

१०. फुलांचं काय करायचं

गुलाबाचा वास पाकळीतल्या उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. सूर्य वर आला की तो संपत जातो, म्हणून आठच्या आत फुलं खुडा. अर्धं उमललेलं फूल घ्या. पूर्ण उमललेल्यातला वास बराचसा हवेत गेलेला असतो. आमच्याकडे पहिली चार देवाला, मग सासूबाईंच्या अंबाड्याला एक, उरलेली पाण्याच्या पसरट वाटीत जेवणाच्या टेबलावर.

गुलकंद जानेवारी-फेब्रुवारीतच करा, तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. पाकळ्या पुसून सावलीत तासभर पसरा, वजनाच्या दुप्पट साखर, बरणीत थरावर थर, तोंडाला फडकं बांधून तीन-चार आठवडे उन्हात, रोज कोरड्या चमच्याने ढवळायचं. साखर बरोबरीने घेतलेला माझा पहिला गुलकंद बुरशीला गेला. मोरचूद मारलेल्या बहराच्या पाकळ्या खाण्यात घेऊ नका. वरचं वेळापत्रक पाळलंत तर थंडीतली फुलं तशीही स्वच्छ असतात. विकतच्या फुलांचा गुलकंद नकोच, त्यांवर काय मारलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

११. काडीपासून झाड

ऑक्टोबरच्या छाटणीतली पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी निवडा. सहा ते आठ इंच, तीन-चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सपाट. नाहीतर तासाभराने खालची बाजू कुठली हे तुम्हालाच कळत नाही. वरचं एखादं पान ठेवा, बाकीची काढा. रेती आणि माती निम्मी-निम्मी भरलेल्या पिशवीत दोन डोळे आत जातील अशी खोचा आणि न्हाणीघरामागच्या सावलीत ठेवा. पंधरा दिवसांत कोंब आला म्हणजे मूळ धरलं असं नाही, काडीतल्या साठ्यावरही कोंब फुटतो. ओढून बघू नका. दोन महिन्यांनी पिशवीच्या भोकातून मूळ दिसेल तेव्हाच वाफ्यात हलवा. दहा लावल्या तर माझ्या सहा-सात जगतात, म्हणून गरजेपेक्षा चार जास्त लावते. जास्तीच्या जगल्या तर दारावरून जाताना काडी मागणारे आहेतच.